नेट-सेटनंतरचा पहिला तास: कॉलेजात शिकवायची तयारी विद्यार्थी असतानाच कशी करायची

नववीच्या वर्गाला गणित शिकवायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. करावं लागतं आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या (एफ.वाय.) वर्गाला गणित शिकवायचं असेल तर खुल्या प्रवर्गात एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा एवढं पुरतं. या परीक्षेच्या ३०० गुणांपैकी अध्यापन अभियोग्यतेवर ५ प्रश्न, म्हणजे १० गुण असतात. तेही पर्यायावर खूण करून मिळतात. आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुलांना शिकवायचा परवाना मिळवताना एकदाही वर्गात उभं राहावं लागत नाही.

नोकरी लागल्यावर मात्र एकदम भार येतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ घड्याळी तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. पुण्यातल्या अनेक कॉलेजांत तास ४८ मिनिटांचा असतो, म्हणजे आठवड्याला २० तास झाले. महिनाभराचं प्रवेश-प्रशिक्षण रुजू झाल्यावर होतं आणि ते पदोन्नतीशी जोडलेलं आहे. पदोन्नतीची वाटच नसलेल्या सीएचबीवाल्याच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याच्या, वाट्याला ते क्वचितच येतं. शिकवायचं कसं, हे बहुतेक जण पहिल्या दोन-तीन बॅचच्या जिवावर शिकतात.

हे शिकायची खरी वेळ एम.ए.चं दुसरं वर्ष आणि पीएचडीची पहिली दोन वर्षं. आता त्याला नियमाचाही आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार, विषय कुठलाही असला तरी संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. ट्युटोरियल, प्रॅक्टिकल आणि मूल्यमापनासाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तास कामही देता येतं. अमेरिकेत ‘भावी प्राध्यापक घडवणे’ या नावाचा देशव्यापी कार्यक्रम १९९३ पासून आहे. आपल्याकडे नियम आला, पण त्या ४ ते ६ तासांत नेमकं काय करायचं हे ज्या त्या विभागावर सोडलेलं आहे. पुढे जे लिहिलं आहे ते त्या तासांसाठी.

विषय पक्का असण्याची अडचण

विषय चांगला येणारा माणूस शिकवताना पायऱ्या गाळतो. त्याला त्या दिसतच नाहीत, कारण त्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. म्हणून तयारीचं पहिलं काम म्हणजे आपल्या विषयात मुलं नेमकी कुठे घसरतात हे शोधणं. ‘काय शिकवायचं’ हे सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. मुलं कुठे घसरतात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

अर्थशास्त्राचं उदाहरण घेऊ. बारावीपासून मुलं दोन जोड्या पाठ करतात: मागणीचा विस्तार-संकोच आणि मागणीतली वृद्धी-ऱ्हास. व्याख्या विचारली तर बिनचूक येते. मग हा प्रश्न टाकून बघावा. चाकणच्या बाजारात आवक घटली, कांदा किलोला ३० रुपयांवरून ६० वर गेला. एका घरात महिन्याला ५ किलो कांदा यायचा, तो आता ४ किलो येतो. हे काय झालं? वर्गातला मोठा भाग ‘ऱ्हास’ म्हणतो, कारण खरेदी घटलेली दिसते. प्रत्यक्षात वस्तूची स्वतःची किंमत बदलली आहे, म्हणजे त्याच मागणी वक्रावर आपण वर सरकलो. हा संकोच. कांदेनवमी झाली, चातुर्मास लागला आणि तो पाळणाऱ्या घरात भाव तोच असूनही कांदा येईनासा झाला, तर तो ऱ्हास. इथे अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. या दोन कांद्यांतला फरक ज्याला कळला त्याला व्याख्या आपोआप लिहिता येते. उलटं सहसा होत नाही.

शिकवायला निघालेल्या विद्यार्थ्याने आपल्या विषयातले असे दहा प्रश्न आधी जमवावेत. ते मिळायची उत्तम जागा म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका. विभागात मागच्या वर्षीचे अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे पडलेले असतात. पंचवीस-तीस पेपरांत एकच प्रश्न वाचत गेलं की चुका तीन-चार प्रकारच्याच निघतात. हे दहा प्रश्न हातात असलेला नवखा शिक्षक आणि नुसती नोट्सची वही असलेला नवखा शिक्षक यांच्या तासात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सहा मिनिटांचा पाठ

पूर्ण तास घ्यायला लावून कुणी लवकर शिकत नाही. एका तासात इतक्या गोष्टी बिघडतात की नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही. म्हणून १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत काढली. एक कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडा वेळ. भारतात रूढ झालेलं त्याचं वेळापत्रक ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं अभिप्राय, १२ मिनिटं फेरआखणी, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय. बी.एड.च्या मुलांना हे तोंडपाठ असतं. कॉलेजच्या जगात मात्र याला ‘शाळेचं काम’ म्हणून नाक मुरडतात, आणि तिथेच नुकसान होतं. चार जणांचा गट असेल तर सगळ्यांचं मिळून १४४ मिनिटं, म्हणजे एक दुपार लागते.

एका दुपारी एकच कौशल्य घ्यायचं: प्रश्न विचारणं, फलक लेखन, उदाहरण देऊन स्पष्टीकरण किंवा समारोप. अभिप्रायही त्याच कौशल्यावर आणि मोजून द्यायचा. प्रश्नांचं कौशल्य असेल तर निरीक्षकाने टिपावं: सहा मिनिटांत किती प्रश्न विचारले, त्यांपैकी किती प्रश्नांना स्वतःच उत्तर दिलं, किती वेगवेगळ्या जणांकडून उत्तर आलं आणि प्रश्नानंतर किती सेकंद थांबले. ‘छान झालं, फक्त आवाज थोडा वाढव’ हा अभिप्राय कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा.

यात हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे समोर बसलेले मित्र. त्यांना विषय येतो, त्यामुळे ते पटापट बरोबर उत्तरं देतात आणि पाठ झकास झाल्याचा भास होतो. उपाय दोन आहेत. पाच-सहा एफ.वाय.ची मुलं बोलवावीत. ती नाही मिळाली तर एका मित्राला आधीच चिठ्ठी द्यावी की तू ‘ऱ्हास’ला चिकटून बसायचं आणि पटल्याशिवाय सोडायचं नाही. दुसरी अडचण फेरआखणीच्या १२ मिनिटांची. ती गप्पांत जातात आणि दुसरा पाठ पहिल्यासारखाच होतो. टाचण, म्हणजे पाठाची आखणी, पुन्हा कागदावर लिहून दाखवल्याशिवाय दुसरा पाठ सुरू करू देऊ नये.

मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर फोन शेवटच्या बाकावर ठेवावा. एकदा आवाज बंद करून पाहावं, एकदा नुसतं ऐकावं. आवाज बंद केला की आपण निम्मा वेळ फळ्याशी बोलतो हे दिसतं. नुसतं ऐकलं की वाक्याच्या शेवटी आवाज कसा बुडतो ते कळतं.

प्रश्न टाकल्यावरचे तीन सेकंद

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतलं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. हा वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. नवख्या शिक्षकाला ही शांतता खायला उठते. त्यावर सोपी युक्ती आहे: प्रश्न तोंडी विचारून तोच फळ्यावर लिहायचा. लिहून होईपर्यंत दहा सेकंद जातात, आणि मागच्या बाकावरच्याला प्रश्न वाचायलाही मिळतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र टाळावा. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं.

ऐंशीच्या वर्गात सगळ्यांना विचारता येत नाही, तिथे मतदान घ्यावं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये रुळवलेली ही पद्धत आहे. पर्याय फळ्यावर लिहायचे, दीड मिनिट गप्प बसून विचार करू द्यायचा, मग सगळ्यांनी एकाच वेळी छातीशी बोटं धरून पर्यायाचा क्रमांक दाखवायचा. हात वर करून घेतलेलं मत उपयोगाचं नाही, कारण पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात बघून बाकीचे वर होतात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील, म्हणजे ऐंशीत २४ ते ५६, तर शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि पुन्हा मत घ्यायचं. २४ हून कमी असतील तर चर्चा करून उपयोग नाही, मुद्दा नव्याने शिकवावा. ५६ च्या वर असतील तर एका वाक्यात कारण सांगून पुढे जावं.

अशाने पोर्शन पूर्ण कसा होणार, ही विभागातली नेहमीची हरकत. त्याला उत्तर आकड्यांत आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं. मुलांना वर्गातच विचार करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं. मात्र एक गोम आहे. अशा वर्गात मुलांना आपण कमी शिकलो असं वाटू शकतं, कारण डोक्याला त्रास होतो. सरांचं घडाघडा व्याख्यान ऐकून जास्त समजल्यासारखं वाटतं. त्यामुळे पहिल्याच तासाला मुलांना हे सांगून टाकावं. नाहीतर महिन्याभरात ‘सर शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात’ अशी तक्रार विभागप्रमुखांकडे पोचते.

४८ मिनिटांचं टाचण

नवख्याच्या टाचणात दोनच प्रकार दिसतात. एकात नव्वद मिनिटांचा मजकूर असतो. दुसऱ्यातला मजकूर भीतीपोटी भरभर बोलल्याने बावीस मिनिटांत संपतो. दोन्हींवर इलाज म्हणजे मिनिटं लिहून काढणं. ३ मिनिटं स्थिरस्थावर, ५ मिनिटं मागच्या तासावर एक प्रश्न (वही न उघडता), १२ मिनिटं पहिला मुद्दा, ६ मिनिटं मतदान, १२ मिनिटं दुसरा मुद्दा, ६ मिनिटं एक सोडवायचं उदाहरण, ४ मिनिटं समारोप. कोणता भाग वेळ कमी पडला तर गाळायचा, हेही समासात आधीच लिहावं. तसं लिहिलेलं नसलं की नेहमी उदाहरण गळतं, आणि तेच सर्वांत मोलाचं असतं.

हजेरी या हिशोबात मुद्दाम धरलेली नाही. ऐंशी जणांना प्रत्येकी चार सेकंद म्हटले तरी पाच मिनिटांहून जास्त जातात. कागद फिरवावा आणि शेवटी डोकी मोजावीत. प्रॉक्सी सही सापडली तर ती तासानंतर बघावी.

फळ्याचे मनातल्या मनात तीन उभे भाग करावेत. डावीकडे तासाचे मुद्दे आणि संज्ञा, त्या शेवटपर्यंत पुसायच्या नाहीत. मधला भाग आकृती किंवा गणितासाठी, उजवीकडचा कच्च्या कामासाठी. स्लाइड वापरायच्या तर दहाच्या वर नकोत.

सत्राचं नियोजन करताना चार क्रेडिटच्या विषयाचे ६० तास कागदावर असतात. पुण्यात पहिल्या सत्रात ते तसे मिळत नाहीत. एफ.वाय.चे प्रवेश रेंगाळतात, पालखीच्या दिवशी अर्धा वर्ग पोचत नाही, गणपतीत मध्यवस्तीतल्या कॉलेजांची उपस्थिती कोसळते आणि पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना गेलेली मुलं महिनाभर दिसत नाहीत. पंचेचाळीस तास धरून आखणी करावी आणि कठीण प्रकरण गणपतीच्या आठवड्यात येणार नाही एवढं पाहावं.

प्रॅक्टिकलला हात मागे

संशोधक विद्यार्थ्याला पहिलं काम बहुधा प्रॅक्टिकलच्या बॅचवर मिळतं, आणि ते सर्वांत सोपं समजलं जातं. तिथली ठरलेली चूक म्हणजे मुलाच्या हातातून ब्युरेट घेऊन स्वतः टायट्रेशन करून दाखवणं. नियम असा ठेवावा की आपले हात पाठीमागे आणि तोंडात प्रश्न. ‘रीडिंग कुठल्या रेषेवर घेतलंस? डोळा कुठे होता?’ एवढ्याने डोळा द्रवाच्या पातळीला न ठेवल्याची चूक मुलगा स्वतः पकडतो.

दुसरा रोग रीडिंग जुळवण्याचा. उत्तर किती यायला हवं हे मागच्या बॅचच्या जर्नलमधून माहीत असतं, मग रीडिंग उलटं काढलं जातं. त्यावर उपदेश चालत नाही, रचना बदलावी लागते. प्रत्येक टेबलाला किंचित वेगळ्या तीव्रतेचं द्रावण द्यावं. कच्ची रीडिंग पेनने लिहायला लावावीत आणि आकडेमोड सुरू होण्याआधीच त्यांवर सही करावी. उत्तर चुकलं पण रीडिंग खरी असतील तर गुण कापू नयेत. चूक कुठून आली ते दोन ओळींत लिहून घ्यावं.

पेपर तपासणं हेही शिकावंच लागतं. एकाच प्रश्नाच्या पाच उत्तरांच्या झेरॉक्स काढून, नावं झाकून, चौघांनी स्वतंत्रपणे दहापैकी गुण द्यावेत. एकाच उत्तराला कुणी ४ देतो, कुणी ८. मग कशाला किती गुण हे लिहून ठरवावं आणि पुन्हा तपासावं. खऱ्या गठ्ठ्यात आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग सगळ्यांचा दुसरा, आणि मधे गठ्ठ्याचा क्रम बदलावा. तसं केलं नाही तर पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडते आणि रात्री अकराच्या पेपरांवर दमणुकीची.

भाषा आणि आडनाव

पुण्याच्या वर्गात नांदेड, बीड, धुळे, सोलापूरची मुलं असतात, कोथरूडची असतात आणि इंग्रजी माध्यमाचीही असतात. विज्ञानात पुस्तक इंग्रजी, मनातला विचार मराठी. संकल्पना मराठीत उलगडावी, संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहावी, आणि परीक्षेचं उत्तर ज्या भाषेत लिहायचं त्या भाषेतली दोन वाक्यं मुलांकडून वर्गातच लिहून घ्यावीत. ही तिसरी पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मग ‘समजलं होतं पण लिहिता आलं नाही’ हे वाक्य निकालानंतर ऐकू येतं.

‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या उत्तरावर शिक्षक नुसता हसला तरी तो मुलगा तीन वर्षं तोंड उघडत नाही. या शहरात हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण इथे बोलीवरून माणसाची परीक्षा करायची जुनी खोड आहे. तसंच नाव विचारल्यावर ‘पूर्ण नाव सांग’ म्हणू नये. आडनावावरून जात ताडली जाते, आणि ती विचारल्यासारखंच मुलाला वाटतं. पहिल्या नावाने हाक मारावी. शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाचे राहिलेत हे भर वर्गात पुकारू नये.

संशोधक विद्यार्थी आणि तिसऱ्या वर्षाची (टी.वाय.) मुलं यांच्या वयात चार-पाच वर्षांचंच अंतर असतं. त्यामुळे काही नियम आधीच ठरवावेत: निरोप फक्त वर्गाच्या ग्रुपवर, रात्री उशिरा नाही, ज्याचे गुण आपल्या हातात आहेत त्याची खासगी शिकवणी घेऊ नये, शंका सोडवायची जागा विभागातली, दार उघडं असलेली.

मागच्या बाकावरचा निरीक्षक

दुसऱ्याचे तास पाहायचे तर किमान दोन आपल्या विषयाबाहेरचे पाहावेत. आपल्या विषयाच्या तासाला मन मजकुरात गुंतून जातं. कागदावर दोन-दोन मिनिटांचे रकाने आखून शिक्षक काय करतो आणि मुलं काय करतात एवढंच लिहावं. ‘लक्ष नव्हतं’ असं लिहू नये. ‘डाव्या रांगेतले सहा जण मोबाइलवर’ असं लिहावं.

आपल्या तासाला निरीक्षक बोलवताना त्याला आधी एकच प्रश्न द्यावा: ‘मी फक्त पहिल्या दोन बाकांशी बोलतो का, ते बघा.’ चर्चा त्याच दिवशी, पंधरा मिनिटं, आणि सुधारायच्या गोष्टी दोनच. यादी सात गोष्टींची झाली की एकही सुधारत नाही. मुलांचं मत सत्र संपल्यावर घेऊन त्या बॅचला काहीच फायदा नाही. पाचव्या आठवड्यात अर्ध्या चिठ्ठीवर, नाव न लिहिता, दोन प्रश्न विचारावेत: कशामुळे समजतं आणि कशामुळे अडतं. पुढच्या तासाला त्यांतलं काय बदलणार आणि काय बदलणार नाही, ते कारणासकट सांगावं. ते सांगितलं नाही तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

हे तास कुठे जिरतात

हे सगळं मोडतं ते बहुधा एकाच जागी. ४ ते ६ तासांचं शिकवणं म्हणता म्हणता सरांचे प्रॉक्सी तास, परीक्षेचं सुपरव्हिजन, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि सेमिनारचं जेवण असं वाढत जातं. मार्गदर्शकांना वाटतं शिकवण्याने थिसीस लांबतो, आणि या पद्धतीने तो लांबतोच. म्हणून सत्राच्या सुरुवातीला एका पानावर लिहून घ्यावं: कोणता वर्ग, कोणतं युनिट, आठवड्याला किती तास, निरीक्षण कोण करणार. नव्या मजकुराच्या एका तासाला तयारीचे तीन तास धरावेत. म्हणजे ४ तास शिकवण्याचे खरे १६ तास होतात. तेवढे परवडत नसतील तर दोन तास नवे आणि दोन तास प्रॅक्टिकल अशी विभागणी मागावी. फेलोशिप घेणाऱ्यांनी तासिका तत्त्वावर कुठे पगारी काम घेण्याआधी आपल्या फेलोशिपच्या अटी वाचाव्यात. अनेक ठिकाणी त्याला मनाई असते.

क्रम साधारण असा बसतो: पहिल्या सत्रात निरीक्षण आणि चुकांचा संग्रह, दुसऱ्यात सूक्ष्म पाठ आणि पेपर तपासण्याचा सराव, तिसऱ्यात प्रॅक्टिकल किंवा ट्युटोरियल, चौथ्यात एका अनुभवी शिक्षकाबरोबर एक अख्खं युनिट, म्हणजे आठ-दहा तास. या काळातले कागद टाकून देऊ नयेत. दोन टाचणं (आधीचं आणि सुधारलेलं), निरीक्षकाचा एक तक्ता, चिठ्ठ्यांचा गोषवारा आणि मतदानाचे आकडे एका फायलीत असावेत. नोकरीच्या मुलाखतीत डेमोला (नमुना पाठाला) पाच-दहा मिनिटं मिळतात. तिथे अख्खं प्रकरण उरकण्यापेक्षा कांद्याचा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि समितीलाच बोटं दाखवायला सांगावीत.